टेकडीवरून उतरणारी ट्राम

“सेंडऑफ होणार नाही,” मी म्हणाले.

वर्षाताईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्मा असतो तेव्हा त्या आमच्या संस्थेच्या डायरेक्टर असतात. चष्मा काढला की जुन्या कार्यकर्त्या. मग त्यांच्याशी भांडता येतं.

“अगं तृप्ती, ती बाई अजून आत पण आली नाहीये. बाहेर बाकावर बसलीये. आणि तू तिच्या निरोपसमारंभावरून भांडतेस?”

“आत्ताच भांडते. नंतर तुम्ही नारळ आणून ठेवाल.”

बाहेरच्या बाकावर हलीना बसली होती. पोलंडची. साठीच्या पुढची, केस बारीक कापलेले, बुटांवर चार देशांची धूळ. रिटायर झाल्यावर वर्षभर जग फिरायला निघालेली. आधी व्हिएतनाम, मग श्रीलंका, आता काही आठवडे मुंबई. मरोळ गावठाणात एका ख्रिश्चन आजींकडे तिने खोली घेतली होती आणि ‘गरीब मुलांसाठी काहीतरी करायचं आहे’ असा ईमेल आम्हाला पाठवला होता.

असे ईमेल आम्हाला खूप येतात. आणि माझं त्याबद्दलचं मत लपून राहिलेलं नाही. कॉलेजात मी विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचे. त्यातलं एक याच विषयावर होतं. मथळा होता: ‘आमची मुलं म्हणजे तुमच्या सहलीचा पॉइंट नाही!!!’ तीन उद्गारचिन्हं. त्यातलं एकही मागे घ्यायची माझी तयारी नाही.

माझी नोकरी मात्र नेमकी हीच आहे. साकीनाक्याच्या मागे टेकडीवर वस्ती आहे, तिथे आमची अभ्यासिका चालते. पत्र्याची एक लांब खोली, शाळा सुटल्यावर मुलं तिथे येऊन बसतात. मी तिथली व्हॉलंटियर कोऑर्डिनेटर. म्हणजे परदेशातून, कॉलेजातून, कंपन्यांतून जी माणसं ‘काहीतरी करायला’ येतात त्यांना काहीतरी करायला द्यायचं आणि त्यांनी जास्त काही करू नये याकडे लक्ष ठेवायचं.

आता सेंडऑफबद्दल. व्हॉलंटियर निघायच्या दिवशी आमच्याकडे मोठा कार्यक्रम व्हायचा. ताटात निरांजन, कुंकू, नारळ. मुलींचा नाच. सगळ्यांच्या रंगीत पंजांचे ठसे असलेलं कार्ड. व्हॉलंटियर रडायचा. तो रडला की मुलं रडायची. फोटो निघायचे. हे फोटो फंडरला, म्हणजे आम्हाला पैसे देणाऱ्या कंपनीला, फार आवडायचे. पुढच्या आठवड्यात नवा व्हॉलंटियर, नवी गाणी, नवी ओळख. मग परत नारळ.

आमची मुलं या कामात इतकी तयार झाली होती की त्यांना दिवाळीपेक्षा सेंडऑफ नीट करता यायचा. आणि त्यांची म्होरकी होती सोनी.

सोनी पाचवीत होती. हाडकुळी, भुवया जाड, आवाज कंडक्टरचा. ताट तिच्याच हातात असायचं. टिळा तीच लावायची, व्हॉलंटियर उंच असला तर त्याला “नीचे, और नीचे” म्हणून वाकायला लावायची. आणि सेंडऑफ झाला की दुसऱ्या दिवसापासून ही मुलगी गायब. अभ्यासिकेतूनही आणि शाळेतूनही.

आधीच्या खेपेला फ्रान्सचं एक जोडपं गेलं, तेव्हा सोनी जी घरी बसली ती दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत. तिची आई सुनंदा घरी इमिटेशन ज्वेलरीचं काम करते. क्लिपांवर, कानातल्यांवर खडे चिकटवायचे. या कामाला बारीक बोटं चांगली. घरी बसलेल्या मुलीची बोटं कोण वाया घालवेल?

म्युनिसिपल शाळेच्या हेडबाईंनी मला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं. “मी तिचं नाव कापणार नाही, कायद्याने मला कापताच येत नाही. पण आता एकदा बसली ना घरी, तर ती परत येणार नाही. या वयाच्या मुली नाही येत परत. मी बघत आलेय.”

म्हणजे प्रश्न नारळाचा नव्हता. सोनीची शाळा राहणार की जाणार, हा होता.

माझं निदान तयार होतं. अनोळखी माणसं येतात, लळा लावतात, निघून जातात, पोर कोसळतं. उपाय: लळा लागूच द्यायचा नाही. मी हलीनाला आत बोलावून नियम सांगितले. फोटो नाही. गिफ्ट नाही. उचलून घ्यायचं नाही. ‘परत येईन’ म्हणायचं नाही. याला आमच्या भाषेत चाइल्ड प्रोटेक्शन पॉलिसी म्हणतात, म्हणजे मुलांशी मोठ्यांनी कसं वागायचं याचे नियम. हलीनाने सगळं ऐकून मान डोलावली. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा वाईट होतं, त्यामुळे आमचं जमलं.

“तुम्ही आधी काम काय करत होता?” मी विचारलं.

“ट्राम,” ती म्हणाली आणि हातांनी दांडा फिरवल्यासारखं केलं.

आयुष्यभर तिने आपल्या गावात ट्राम चालवली होती. शिकवणं, गाणी, चित्रकला, काहीच येत नव्हतं. वर्षाताई हळूच म्हणाल्या, “हिला देणार काय आपण?”

“लहानांना इंग्रजी बोलायला,” मी म्हणाले. “तिला येत नाही, त्यांना येत नाही. बरोबरी आहे.”

पहिल्या दिवशी मुलांनी तिला घेरलं. नाव विचारायच्या आधी प्रश्न आला, “आप कब जाओगे?” हा प्रश्न आमच्या वस्तीतली मुलं पाहुण्याला चहा विचारावा तसा विचारतात. हलीनाने बोटांवर आठवडे मोजून दाखवले. मागून एक मुलगी म्हणाली, “चला, डान्स बसवायला टाइम आहे.”

मग हलीनाने फळ्यावर ट्राम काढली.

“ही तर ट्रेन आहे.”

“नो ट्रेन. रोड. ऑन रोड.”

“सिग्नलला थांबते?”

“येस, स्टॉप.”

“मग फायदा काय?” एका मुलाने विचारलं. ती खडू हातात धरून फळ्यावरच्या ट्रामकडे बघायला लागली. आयुष्यभर तिला हे कुणी विचारलं नसावं.

सोनी खिडकीत बसून हे सगळं बघत होती. हलीना निघाली तेव्हा ती उडी मारून पुढे झाली, उतारावर पाय कुठे ठेवायचा ते दाखवायला. मी बघितलं आणि दुसऱ्याच दिवशी सोनीला माझ्या गणिताच्या बॅचमध्ये टाकलं.

“मला तिकडे का नाही, ताई?”

“तिकडे जागा नाही.”

तिने त्या बॅचकडे बघितलं. अर्धी चटई रिकामी होती. माझ्यासमोर बसून तिने पाढे म्हटले, तेही एखादी शिक्षा भोगावी तसे. आठवडा संपायच्या आत सोनी यायची बंद झाली. शाळेतूनही.

सेंडऑफ नाही, नारळ नाही, लळा नाही. हलीना तर अजून इथेच होती. तरी पोरगी घरी.

मी तडक तिच्या घरी गेले. सुनंदा दारातच होती. “ताई, तिला तिकडे कोणी काही बोललं का? चांगली जात होती.”

आत सोनी खाली मान घालून बसली होती. काडीच्या टोकाला मेण, मेणाने खडा उचलायचा, गोंदाच्या ठिपक्यावर ठेवायचा. हात सराईत चालला होता आणि ते मला अजिबात आवडलं नाही.

“शाळेत का येत नाहीस?”

“काम आहे.”

“हलीना आंटी आवडली होती ना तुला?”

“मला काय करायचंय तिचं?” खडा. खडा. मग मान वर न करता, “नाल्यावरून तिला कोण आणतं?”

“येते की एकटीच.”

“एकटी?” आता मान वर झाली. “येडी झालीय का? ती फळी हलते. ती फ्रान्सवाली दोनदा पडली असती, मी होते म्हणून. आणि तिला माहितीये का पिठाच्या गिरणीमागच्या बोळातून नाही यायचं ते? तिकडे कुत्री आहेत. रिक्षावाले किती मागतील, माहितीये? पाणी कुठलं प्यायचं?”

“मोठी आहे ती, सोनी.”

“ताई, ते लोक नुसते मोठे दिसतात. त्यांना काय पण येत नाही.”

मी तिथेच खाटेवर बसले. “मग ते गेले की तू घरी का बसतेस?”

सोनीने माझ्याकडे असं बघितलं, जणू गणितात कच्ची मीच आहे. “मग माझं काय काम असतं तिकडे? सगळ्यांसारखं बसायचं नि पाढे म्हणायचे?”

आमच्या रिपोर्टांत दरवर्षी लिहिलेलं असतं की व्हॉलंटियरांनी मुलांना माया दिली. इथे सगळा मामला उलट्या दिशेने चालला होता. ही पोरगी जगभरातून आलेल्या मोठ्या माणसांना सांभाळत होती. व्हॉलंटियर जायचा तेव्हा तिची माया नाही, तिची ड्यूटी जायची. आणि मी तर या वेळी ती व्हॉलंटियर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी काढून घेतली होती. पॉलिसी म्हणून!

त्याच संध्याकाळी हलीना नेमकी त्याच बोळात सापडली. वाट चुकली होती. बायकांनी तिला बसवून चहा दिला होता. मी पोचले तेव्हा तिचा तिसरा कप चालू होता, आणि कपाळावर घाम. नको कसं म्हणायचं ते तिला येत नव्हतं. शेजारच्या घरातून चौथा कप निघाला होता, तो मी अडवला.

सोनीला सरळ हलीनाच्या हाताशी परत द्यायचं? मग काही आठवड्यांनी तेच. सोनीला असं काम हवं होतं जे कुणाच्या विमानाबरोबर उडून जाणार नाही. ते कुठून आणायचं हे मला सुचत नव्हतं.

सुचलं ते मुलांच्या एका खेळातून, आणि खरं सांगायचं तर आधी मी त्यावर ओरडलेच होते. इंग्रजीच्या तासाला जाऊन बघते तर अभ्यासिका रिकामी. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी गायब. बाहेर गल्लीत पोरं दोरी धरून एका रांगेत चालली होती, पुढे एक जण तोंडाने घंटी वाजवत होता, मागे हलीना. “स्टॉप!” म्हटलं की थांबायची. “नेक्स्ट स्टॉप!” म्हटलं की चालायची. हा इंग्रजीचा तास म्हणे.

“हलीना, हे काय चाललंय?”

“ट्राम,” ती म्हणाली.

मी अजून तोंड उघडलं नव्हतं तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की एरवी चेंडूसारखी उधळणारी ही पोरं नळापर्यंत गेली आणि परत आली, आणि एकानेही दोरी सोडली नाही.

आमच्या वस्तीची सकाळ तुम्हाला माहीत नाही. आया भल्या पहाटे कामाला जातात. कुणी घरकामाला, कुणी पॅकिंगला. पहिली-दुसरीची मुलं मागे राहतात. शाळा टेकडीखाली, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. रस्त्यावर डंपर, टँकर, रिक्षा. झेब्रा क्रॉसिंग होतं, ते टायरांनी खाल्लं. क्रॉसिंगला माणूस द्या म्हणून मी केलेल्या अर्जांची उत्तरं अजून यायची आहेत. मग मी रोज सकाळी दारोदार ओरडत फिरायचे. याला मोबिलायझेशन म्हणतात. शब्द भारी आहे, पण त्यात निम्मी मुलं घरीच राहतात.

मी परत सोनीच्या घरी गेले.

“तुला काम आहे,” मी म्हणाले. “रोज सकाळी वरच्या नळापासून शाळेपर्यंत दोरीची ट्राम न्यायची. लहान मुलं दोरीला. ड्रायव्हर तू.”

“पगार?”

“नाही.”

“मग?”

“तुझ्याशिवाय निघणार नाही.”

तिने हातातला खडा जागेवर बसवला, मग काडी खाली ठेवली. “घंटी पाहिजे.”

“देते.”

“जो वेळेवर नाही आला त्याला घ्यायचं नाही. तुम्ही मध्ये बोलायचं नाही.”

“बरं.”

“त्या आंटीने पण नाही.”

“नाही बोलणार.”

“आणि शेवटी एक मोठं माणूस पाहिजे. रोडवर डंपरवाले आपल्याला नाही बघत.”

हे बोलताना तिने आईकडे बघितलंही नाही. सुनंदा मात्र बघत होती.

दोरीला जुन्या साड्यांच्या चिंध्यांच्या कड्या बांधल्या, प्रत्येक मुलाला एक. भंगारवाल्याकडून सायकलची घंटी आणली. स्टॉप ठरले: वरचा नळ, पिठाची गिरणी, दर्गा, गणपतीचं देऊळ, रिक्षा स्टँड, शाळा. घंटीचा नियम सोनीने बसच्या कंडक्टरवरून घेतला. एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. पुढे सोनी, शेवटच्या कडीला हलीना. मुलं तिला ब्रेक म्हणायला लागली.

त्या रात्री भांडुपला घरी गेल्यावर आईला सांगितलं. आई अभिमानाने चुलीवरून उतरलेल्या भाकरीसारखी फुगली. “ट्राम? गो, तुझो आजो ट्रामीनच कापडगिरणीत कामाक जाय! ती बंद केल्यानी तेवा तो किती बडबडलो होतो. आणि तू परत चालू केलंस?”

“चाकं नाहीत आमच्या ट्रामला, आई.”

“नसांदेत. वेळेवर जाता मां?”

जात होती. पहिल्या दिवशी थोडीच मुलं होती. आठवडाभरात कड्या कमी पडायला लागल्या. गिरणीवाला पहिलं दळण लावायच्या आधी बाहेर येऊन उभा राहायचा, ट्राम बघायला. रस्त्यावर हलीना हात वर करायची आणि रिक्षा, टँकर, सगळे गपगार थांबायचे. इतक्या अर्जांपुढे जी वाहतूक हलली नाही, ती एका गोऱ्या हातापुढे थांबली! मला याचा राग यायचा. अजून येतो.

“तू गेल्यावर कोण थांबवणार यांना?” मी हलीनाला विचारलं.

तिने सोनीकडे बोट दाखवलं. सोनीने हे आधीच मनावर घेतलं होतं. अभ्यासिका सुटली की ती घरोघरी फिरून आयांच्या पाळ्या लावत होती. “उद्या तुमची पाळी. शेवटची कडी. लाल फडकं मी देईन. रोडवर हात सरळ ठेवायचा, लाजायचं नाही.” ज्या बायांना सभेला आणायला मी घसा फोडते, त्या या पोरीपुढे निमूट ‘बरं गं’ म्हणत होत्या. पहिली पाळी तिने स्वतःच्या आईची लावली. सुनंदा कुरकुरली, खड्यांचं काम अडतं म्हणाली, आणि आली. हलीना तिच्याशेजारी चालली. रस्त्यावर सुनंदाने फडकं धरलं, डंपर थांबला. पलीकडे गेल्यावर ती एकदम हसायला लागली. “थांबला की गं मेला!”

आणि सोनी? ट्रामचा शेवटचा स्टॉप शाळा. ड्रायव्हर तिथून घरी कसा परतणार? दुपारी मुलांना परत आणायचं असायचं. मग मधला वेळ काढायला ती वर्गात बसायची. हेडबाई मला म्हणाल्या, “बसते. वैतागलेली असते, पण बसते.” माझ्या दृष्टीने हा मोठा विजय होता.

तेवढ्यात वर्षाताईंनी परत चष्मा काढला.

“हलीनाच्या शेवटच्या दिवशी फंडरचे सीएसआर मॅनेजर येतायत.” सीएसआर म्हणजे कंपनीने नफ्यातला थोडा भाग समाजाला द्यायचा, आणि मग तो दिला हे समाजाला दाखवायचं. “तृप्ती, छोटासा सेंडऑफ. नाच नको. नुसता नारळ.”

“नाही.”

“दोन फोटो गं.”

“ताई, मुलं काय शोभेची झाडं आहेत? पाहुणा आला की पुढे आणून ठेवायची?”

“हे पत्रक नाहीये तृप्ती. मला पगार द्यायचे असतात. तुझा पण.”

हलीना दारात उभी होती. तिला एवढंच कळलं की नारळावरून भांडण आहे.

“माझ्या ट्राममधून लाखो लोक उतरले,” ती म्हणाली. “मला कुणी नारळ दिला नाही. मी पण कुणाला दिला नाही.” मग म्हणाली, “पण चहा चालेल. एक कप.”

वर्षाताई हसल्या. म्हणाल्या, “बरं. मॅनेजरसाहेबांना सकाळी ट्रामला बोलावते. तिथे काय फोटो मिळेल तो मिळेल.”

शेवटची सकाळ. मॅनेजर वेळेवर आले, इस्त्रीचा शर्ट, चांगला माणूस. हलीना आपल्या जागी, शेवटच्या कडीला. पाठीवर सॅक, कारण रिक्षा स्टँडवरून ती थेट एअरपोर्टला जाणार होती. तिच्यामागे सुनंदा, लाल फडकं घेऊन. सोनीने घंटी दोनदा मारली.

गिरणी ओलांडली तशी मॅनेजरना उजेड आवडला. “बेटा, इकडे जरा थांबव. सगळ्यांचा एक छान फोटो.”

सोनी चालतच होती. “इथे स्टॉप नाही.”

“दो मिनट, बेटा.”

“दोन मिनिटांत शाळेची बेल चुकते, अंकल. कडी धरा नाहीतर बाजूला व्हा. मागे गर्दी होते.”

मॅनेजरनी मोबाइल खिशात टाकला आणि कडी धरली. त्यांच्या पुढे पहिलीतली एक मुलगी होती, तिने मागे वळून त्यांना बजावलं, “सोडू नका हां.”

दर्गा. देऊळ. मग रिक्षा स्टँड. सोनीने एकदा घंटी मारली. ट्राम थांबली. हलीनाने कडी सोडली, ती सुनंदाने घेतली. कुणी रांग मोडली नाही. मोडायची नाही हा नियम होता, आणि नियम करणारी पुढे उभी होती. मुलं माना वळवून बघत होती. हलीनाने नुसता हात वर केला, रस्त्यावर गाड्या थांबवताना करायची तसा.

सोनीने मागे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी मनातल्या मनात म्हणत होते, आता ही दोरी टाकणार आणि पळणार. हिला पकडायला मी पुढे जायचं की नाही?

“उतरली का?” सोनीने ओरडून विचारलं.

“उतरली!” मुलं ओरडली.

टण टण.

ट्राम निघाली. सुनंदाने फडकं उचललं, टँकर थांबला, रांग रस्ता ओलांडून गेली. हलीना स्टँडवर उभी राहून बघत होती, एखादं काम नीट झालंय का ते बघतात तशी. मग ती रिक्षात बसली. रडलं कोण, तर सीएसआर मॅनेजर. एका हातात कडी, दुसऱ्या हातात रुमाल. “धूळ फार आहे,” म्हणाले. फोटोंत सगळ्यांच्या पाठी आल्या.

पण माझी भीती त्या दिवसाची नव्हतीच, दुसऱ्या दिवसाची होती. आजवर सोनी नेहमी दुसऱ्या दिवशीच गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी लवकर वरच्या नळावर जाऊन उभी राहिले. वेळ झाली. सोनी नाही. दोरी नाही. बादल्यांच्या रांगेतली एक बाई म्हणाली, “आज नाही दिसली बाबा.” मी धावतच तिच्या घरी गेले. सुनंदा एकटीच बसली होती, पुढ्यात खडे.

“सोनी कुठेय?”

“ती? केव्हाच गेली. मागच्या गल्लीतल्या पोरांनी काल सांगितलं ना, आम्हाला पण घ्या म्हणून. आजपासून ट्राम तिकडून सुटते. तुम्हाला नाही सांगितलं?”

नव्हतं सांगितलं. मला सांगायचं तिला कारणच नव्हतं.

मी उतारावरून पळत सुटले. देवळापाशी ट्राम दिसली, आधीपेक्षा लांब. शेवटच्या कडीला आज कुणाची तरी आजी होती, फडकं झेंड्यासारखं धरून.

“सोनी! थांब!”

तिने मागे बघितलं. घंटीवरचा हात हलला नाही.

“स्टॉप गेला, ताई,” ती ओरडली. “पुढच्याला या.”

ती सातवीत गेली तेव्हा तिने घंटी स्वतःच एका तिसरीतल्या मुलीला दिली, महिनाभर शेजारी चालून शिकवलं. आता ती दुपारची फेरी बघते आणि सगळ्यांवर ओरडते. सेंडऑफ आमच्याकडे बंद झाला तो झालाच. परदेशी व्हॉलंटियर अजून येतात. माझं पत्रक मी अजून मागे घेतलेलं नाही, तीनही उद्गारचिन्हं तशीच आहेत. फक्त आता नव्या माणसाला नियम वाचून दाखवत बसत नाही. पहिल्या सकाळी त्याला नळावर पाठवते आणि सांगते, तिथे एक घंटीवाली मुलगी असेल, ती सांगेल ते कर.

आणि वेळेवर जा. वाट नाही बघत ती. माझी पण नाही बघत.